कृष्णा निवळण्याआधी

यंदा श्रावण कोरडा चालला आहे. सांगलीत नळाला पाणी येतं, त्यामुळं तसा कुणाला घोर नाही. भाजीवाली म्हणते गवारी महागली, शेजारचे निवृत्त ओव्हरसियर गॅलरीत उभं राहून धरणात किती पाणी साठलं ते पेपरातून मोठ्यांदा वाचतात, एवढंच. पण पहाटे वारा सुटलेला ऐकू आला की मी उठून दारांना कड्या घालते. पावसाळ्यात एक वारा असतो, तो पाऊस आणत नाही. ढगांना नुसता हाकलत पूर्वेकडं नेतो आणि दिवसभर घराची दारं आपटत राहतो. बहात्तर साली वडूजकडच्या आमच्या गावात हा वारा जेठापासून वाहत होता. ढग यायचे, डोक्यावरून जायचे. माणसं वर बघायची आणि मग मुद्दाम दुसरीकडं बघायची.

त्या सालाच्या आठवणी निघाल्या की लोक दुष्काळी कामावर खडी फोडल्याचं सांगतात, तिथं खायला मिळणाऱ्या सुकडीचं सांगतात, चाऱ्यावाचून सोडून दिलेल्या बैलांचं सांगतात. मीही खडी फोडली आहे, हाताला अजून खूण आहे. पण मला त्या दुष्काळातलं पोहणं आठवतं. ऐकणाऱ्याला वाटतं, बाईचं वय झालं, दोन आठवणींची गल्लत होते आहे. गल्लत नाही. ज्या साली पाणी नव्हतं त्याच साली माझा नवरा पोहत होता.

हे फौजेत होते. आमच्या लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा वर डोंगरात बर्फावरून यांची गाडी घसरली आणि दरीत गेली. पाठीचा कणा दुखावला, कंबरेखालचं सगळं गेलं. पाय होते, होते तसेच होते, नखं वाढायची, डास चावला तर गांधी उठायची. पण ते यांना कळवत काही नव्हते. गावात कुणीही भेटायला आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "कंच्या लढाईत?" हे म्हणायचे, "लढाई न्हवती." मग समोरचा माणूस जरा ओशाळायचा, जणू त्यानं चुकून कमी प्रतीचं काही विचारलं. लढाईत गेलेल्या पायांना मान असतो. घसरून गेलेल्यांना नाही.

पुण्याच्या लष्करी दवाखान्यात यांना पाण्यात उतरवायला लागले ते व्यायाम म्हणून. हा खटावच्या माळावरचा माणूस, पोहणं कधी ठाऊक नाही. पण पाण्यात पडल्यावर हात असे चालले की तिथले डॉक्टर, मेजरसाहेब, कठड्याशी येऊन उभे राहिले. पुढच्या पावसाळ्यात जर्मनीत अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धा होत्या. आपल्या देशाकडून जाणार होते बोटांवर मोजण्याएवढे जण, बहुतेक असेच खाटेवरचे जवान. कुणी भाला फेकणारा, कुणी खुर्ची पळवणारा. त्यात यांचं नाव निघालं. उन्हाळ्यापुरतं घरी पाठवताना मेजरसाहेबांनी एवढंच बजावलं, "पानी मत छोडना."

पाणी सोडू नकोस. आणि पाठवलं कुठं, तर आमच्या दुष्काळी खटाव तालुक्यात.

आमच्या मळ्यातली विहीर पायऱ्यांची. तेव्हा तिच्यात अजून पुरुषभर पाणी होतं, काळं, थंड, तळ न दिसणारं. हे एका सकाळी म्हणाले, "मला ईरीत सोडा." माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्ती म्हणायची, भाकरी थापत होत्या. त्यांचा हात तिथंच थांबला. तव्यावरची भाकरी जळाली तरी त्या उठल्या नाहीत.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "माझ्या देकत न्हाई."

"आगं, पव्हायला म्हनतोय."

"काय म्हनतूयास ते कळतंय मला."

त्यांना काय वाटलं ते मला कळलं, कारण मलाही तेच वाटलं होतं. रात्र रात्र छताकडं बघत पडणारा माणूस पहाटे उठून विहीर मागतो तेव्हा दुसरं काय वाटणार? मी म्हटलं, "आत्ती, मी बी उतरते त्यांच्यासंगं." माझं माहेर भिलवडीच्या पुढं, कृष्णेच्या काठाला. आमच्याकडं पोरगी चालायला लागली की पोहायला लागते. आत्तींनी माझ्याकडं बघितलं आणि पिठाच्या हातानं डोळे पुसले. डोळ्याखाली पांढरा पट्टा उमटला तो दिवसभर तसाच होता.

चुलतदिरानं यांना पाठकुळी घेऊन पायऱ्या उतरवल्या. मी कासोटा घट्ट मारून आधीच पाण्यात होते. यांच्या पोटाखाली हात धरला, आणि एका क्षणात तो जड देह हलका झाला. वर बाजेवर कूस बदलायला दोन माणसं लागायची तो माणूस माझ्या तळहातावर मावला. मग हात सुटला आणि हे गेले. विहिरीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, भिंतीला हात लावून परत. वर काठावर आत्ती पदर तोंडात धरून उभ्या होत्या. दीर म्हणाला, "आयला, मासाच की रं." त्या दिवशी यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

पण विहीर रोज खाली जात होती. आज ज्या पायरीवर पाणी, उद्या तिच्या खालच्या. गावच्या आडानं तळ गाठला तशा बायका आमच्या मळ्यात कळश्या घेऊन यायला लागल्या. त्या कठड्यापाशी थांबायच्या. सून नवऱ्याला विहिरीत खेळवते म्हणून आधी हसल्या होत्या, आता हसत नव्हत्या. गप उभ्या राहायच्या, आणि हे पाण्याबाहेर आले की खाली उतरून कळशी बुडवायच्या. कुणी काही बोललं असतं तर बरं झालं असतं. एक दिवस यांनी पाण्यातूनच वर बघितलं. उन्हात ओळीनं पंधरा-वीस बाया, डोक्यावर रिकाम्या कळश्या. हे मला म्हणाले, "मला भाईर काढा. ह्ये प्यायचं पानी हाय." आणि परत त्या विहिरीचं नाव काढलं नाही.

त्यानंतरचे दिवस मला लिहवत नाहीत, पण लिहिते. सोप्यात एक बाकडं होतं. हे त्यावर पालथे पडायचे आणि हात मारायचे. हवेत. एक हात पुढं, मग दुसरा, मान बाजूला वळवून श्वास. तापलेल्या वाऱ्यात धूळ उडायची, ती तोंडात जायची, थुंकायचे आणि पुन्हा हात मारायचे. तासन्‌तास. बाकडं करकरायचं. आत्ती घरात बसून कानात बोटं घालायच्या. पोरं दाराशी जमायची, कोंबड्यांसारखी माना वाकड्या करून बघायची. एकदा मी न राहवून म्हटलं, "आवं, पुरं करा. कशापायी हा जीव काडताय? जिंकला तरी पाय का परत येनार हायती?"

हे थांबले. गाल बाकड्यावर टेकून म्हणाले, "जिंकायचं कोन म्हनतंय? मेजरसाब सांगत हुतं, तितं समदी आशीच आस्त्यात. शेकड्यानं. कोन कुनाकडं वळून बगत न्हाई. मला चार दिस आसं ऱ्हायचंय शालन, जितं माझ्याकडं कोन बगत न्हाई."

मी दुसऱ्या दिवशी गाठोडं बांधलं. एसटीच्या टपावर चाकाची खुर्ची, आत मधल्या वाटेत हे कांबळ्यावर. रहिमतपूर स्टेशन, तिथून रेल्वे, मग भिलवडी. जावयानं सासुरवाडीला राहायला जाणं आमच्यात कमीपणाचं. त्यात असं, उचलून नेलेलं. गाडीत हे खिडकीकडं तोंड करून होते. बाहेर कऱ्हाडच्या अलीकडं उसाची हिरवळ सुरू झाली तेव्हा डोळे मिटून घेतले.

माझे वडील, आबा, स्वभावानं कमी बोलणारे. नदीकाठच्या मळ्यातला ऊस आणि चार म्हशी हेच त्यांचं जग. त्यांनी जावयाला उतरवून घेतलं, आंघोळीला पाणी काढलं, जेवू घातलं, पण एका शब्दानं विचारपूस केली नाही. रोज पहाटे आम्ही डोहावर जायचो. आबा घाटाच्या वरच्या पायरीवर बसायचे, तंबाखू मळत, नदीकडं बघत. यांच्याकडं नाही, नदीकडं. उन्हाळ्यात कृष्णा खाली गेलेली, पण आमचा डोह हिरवाकाळा आणि गार असतो. मृगानंतर वर घाटात थोडा तरी पाऊस झाला आणि पाणी तांबडं झालं, ओढ वाढली. हे त्या ओढीच्या विरुद्ध पोहायचे. पुढं सरकायचे नाहीत, मागंही यायचे नाहीत. तासभर एका जागी, नुसते हात. बघणाऱ्याला वाटावं, माणूस पाण्याशी झुंजतो आहे की त्याला धरून लटकला आहे.

एके सकाळी आबांनी तोंड उघडलं. हे पायरीवर अंग पुसत होते, मी दोन पायऱ्या खाली लुगडं पिळत होते.

"पावनं, ह्ये तुमचं परदेशाचं झालं की मी पोरीला माघारी घेऊन येनार हाय. कायमची."

यांनी टॉवेल पायांवर टाकला. मग म्हणाले, "न्ह्या मामा. मी न्हाई म्हननार न्हाई."

दोघांनी मला विचारलं नाही. मी पिळलेलं लुगडं पुन्हा पाण्यात बुडवलं आणि पुन्हा पिळलं. मला जायचं नव्हतं असं आज म्हणायला सोपं आहे. वयाची विशी नुकती उलटली होती. रात्रीतून चारदा उठून यांची कूस बदलायची, चादर धुवायची, पाठीवर जखम होते आहे का ते रोज कंदील धरून बघायचं. काही रात्री मला वाटायचं, आबांनी आत्ताच हात धरून न्यावं. आणि लगेच पहाटे मी डोहात यांच्या शेजारी पोहत असायची, आणि दुनियेत दुसरीकडं कुठं असावं असं वाटायचं नाही. दोन्ही खरं होतं.

पुण्याला हजर व्हायचे दिवस जवळ आले आणि घात झाला. पाण्याखालच्या खडकाला यांचा पाय घासला. त्यांना कसं कळणार? ते पोहत राहिले. बाहेर काढल्यावर बघितलं तर टाच सोलून निघालेली, मांस दिसत होतं. तिसऱ्या दिवशी ताप चढला. भिलवडीचे डॉक्टर म्हणाले, निर्जीव पायाची जखम लवकर भरत नाही, प्रवासाचं नाव काढू नका. हे तापात बडबडायचे, "मेजरसाब, मैं आ रहा हूँ, मैं आ रहा हूँ." मी कडुनिंबाच्या पाण्यानं जखम धुवायची, माशी बसू नये म्हणून पदरानं वारा घालायची, आणि त्या पायाशी बोलायची. खरंच बोलायची. बाबा रे, तू काही करू नकोस, फक्त भरून ये. आई दारात उभी राहून ऐकायची आणि निघून जायची.

जखम पुरती भरली नाहीच, पण ताप उतरला. हे टाचेला पट्टी बांधून पुण्याला गेले आणि मी आत्तींपाशी सासरी परतले. दवाखान्यात ती पट्टी बघून मेजरसाहेब फार रागावले म्हणे. मग नाव खोडायला निघालेल्या कारकुनाला त्यांनी थांबवलं. तेवढ्यावर हे विमानात बसले. गावात कुणी विमान जवळून बघितलं नव्हतं. त्या आठवड्यात खडी फोडताना वर आवाज आला की सगळ्या बाया हातोडी टाकून माझ्याकडं बघायच्या, "तुझाच का गं?"

बातमी कुठून येणार? सरपंचांच्या घरी रेडिओ होता. मी संध्याकाळी कामावरून येताना त्यांच्या ओट्यापाशी रेंगाळायची. रेडिओवर दुष्काळाचं सांगायचे, त्याच महिन्यात पुढं व्हायच्या मोठ्या ऑलिंपिकचं, आपल्या हॉकीच्या संघाचं सांगायचे. आमच्या या चिमूटभर संघाबद्दल मी ऐकत होते तोवर एक अक्षर आलं नाही. आपल्या देशाचे दोन संघ त्या पावसाळ्यात जर्मनीला गेले होते हे मी सरपंचांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "आसंल बाई," आणि रेडिओचं बटण फिरवलं.

हे आले ते एसटीनं, संघाचा निळा कोट घडी करून मांडीवर. आल्यावर तीन-चार दिवस बोललेच नाहीत. आत्तींनी मीठमोहरी उतरवली. मी विचारलं नाही. जिंकले असते तर कळलं असतं, आणि हरले असतील तर कशाला विचारायचं. खुर्ची दाराकडं पाठ करून लावायला सांगायचे, इतकंच.

हे वारले त्याला आता कितीतरी वर्षं झाली. त्यानंतरच्या सगळ्या आयुष्यात ते तिथल्याबद्दल एकदाच बोलले, आणि तेही माझ्याशी नाही.

भाद्रपद लागला आणि आबा आले. कबूल केल्याप्रमाणं. मला घेऊन जायला. सोप्यात घोंगडीवर बसले, गुळाचा खडा तोंडात टाकला, तांब्यातलं पाणी अर्धंच प्यायले आणि उरलेलं झाकून ठेवलं. माझं गाठोडं मी बांधून ठेवलं होतं. घरात धान्य संपत आलं होतं, एक तोंड कमी झालं असतं तर आत्तींना आणि यांना चार दिवस जास्त निभले असते. कशासाठी बांधलं ते मी स्वतःला असंच सांगत होते.

"कितवं आलासा?" आबांनी विचारलं. इतक्या दिवसांत हा प्रश्न विचारणारे ते पहिलेच.

"शेवटचा."

आत आत्तींच्या हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"का?" आबा म्हणाले.

हे खुर्चीतून आबांकडं वळले. मग म्हणाले, "तितलं पानी लय निवळ हुतं, मामा. काचंगत. तळाची फरशी दिसत हुती, निळी. शिट्टी झाली तशी मी कडंवरनं सोडलं सोताला. पाच-सा हात मारलं, बराबर हुतो समद्यांच्या. आन् खाली बगितलं. माझ्या मागनं कायतरी लोंबकळत येत हुतं. मला वाटलं कोन बुडालेला मानूस हाय, माझ्याखाली आडकलाय." ते थांबले. "माझं पाय हुतं."

वारा दार आपटत होता. कुणी उठून ते लावलं नाही.

"बाजंवर रोज बगतोय की मी त्येनला. खुर्चीत बगतोय. पर ईरीत कवा दिसलं न्हाईत, किस्नेत कवा दिसलं न्हाईत. पान्यात गेलं की न्हाईतच, आसंच मी धरून चाललो हुतो. तेवढ्यासाठीच जात हुतो पान्यात. तितं दिसलं आन् हातच थांबलं. बाकीची पल्याड जाऊन टेकली. मग मी डोळं मिटलं. आंधळ्यावानी हात मारत गेलो. डोकं भिंतीवर आपाटलं तवा कळलं, पोचलो. लोक टाळ्या वाजवत हुती. मला वाटलं पैल्या आलेल्याला वाजवत्यात. बगितलं तर समदी माझ्याकडं बगत हुती." त्यांनी हातांनी तोंड झाकून घेतलं. "समदी, मामा. समदी बगत हुती."

आमच्या घरात पुरुषाला रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. आवाज नव्हता. फक्त खांदे हलत होते, ते रुंद, कमावलेले खांदे, आणि त्यांच्या खाली ते दोन पाय, अगदी स्थिर. मला वाटलं जाऊन बसावं त्यांच्यापाशी. पण माझे पायसुद्धा हलले नाहीत.

आबा तंबाखू मळत होते. मळून झाली तरी तळहातावर तशीच होती. शेवटी त्यांनी ती अंगणात झटकून टाकली आणि उठले.

"शालन, तयारी कर."

मी गाठोडं उचललं. आत्ती दारात आल्या. त्यांनी कुंकवाची डबी आणली होती, पण त्यांचा हात कपाळापर्यंत येईना.

"पावनं, तुमीबी चला," आबा म्हणाले. मग आत्तींकडं वळले, "आन् तुमीबी, येनबाई."

यांनी तोंडावरचे हात काढले. "मी कशाला? आता कुटं जायचं ऱ्हायलंय पव्हायला?"

"किस्ना आजून निवळली न्हाई," आबा म्हणाले. "तांबडीच हाय. दिवाळीपातूर तशीच आसतीया."

हे त्यांच्याकडं बघत राहिले. बाहेर आभाळ भरून आल्यासारखं दिसत होतं आणि वाऱ्यानं पुन्हा मोकळं होत होतं.

"आन् निवळल्यावर?"

आबा उंबऱ्यापाशी वाकून पायताण घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"निवळल्यावर बगू."